जव्हारचे राजे यशवंतराव मुकणे : गादीवरून लोकसभेत

आपल्या स्मरणिकेचे जुने अंक चाळले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. राघोजी भांगरे यांच्यावरील लेखावाचून आपला अंक सहसा निघत नाही. ते योग्यच आहे. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर चढलेल्या त्या वीराचे स्मरण ज्या ज्ञातीला राहणार नाही, तिला इतिहास सांगण्याचा अधिकार तरी कोणता? परंतु कार्यवाहांनी यंदा "गुरुजी, इतिहासावर काहीतरी लिहा" असा आग्रह धरला, तेव्हा माझ्या मनात एक निराळेच नाव आले. ह्या पुरुषाने तलवार उपसली नाही, तो डोंगरकपारीत लपला नाही, त्याच्या डोक्यावर सरकारने इनाम लावले नाही. तो राजा म्हणून वाढला, राज्य सोडून मोकळा झाला, आणि पुढे आपल्याच जुन्या प्रजेच्या दारी मत मागावयास गेला. जव्हार संस्थानचे अखेरचे अधिपती श्रीमंत राजे यशवंतराव मार्तंडराव मुकणे हे ते गृहस्थ होत. ते ज्ञातीने महादेव कोळी. लोकसभेचे सभासद म्हणून ते दोनदा निवडून आले. बीड जिल्ह्यातील आपल्या पुष्कळ घरांत त्यांचे नाव ठाऊक नाही, आणि मलाही नोकरीची पंचवीस वर्षे होईतो ते ठाऊक नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

प्रथम जव्हारची गादी कशी स्थापन झाली ते सांगतो. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात तिची कथा दिलेली आहे. थळ घाटाजवळ मुकणे नावाचे गाव आहे. तेथे जयबा पौपेरा नावाचा एक कोळी नाईक मातीची गढी बांधून राहत असे. पिंपरी येथील देवस्थानाच्या दर्शनास गेला असता त्यास पाच भिक्षेकरी भेटले आणि त्यांनी त्यास जव्हारचा राजा म्हणून नमस्कार केला. पुढे तो पेठ व धरमपूर ह्या भागांत मान्यता मिळवून सुरतेपर्यंत आणि तेथून काठेवाडात गेला, सात वर्षे तिकडे राहिला. परत आल्यावर त्याने जव्हारच्या तत्कालीन मालकाकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली. ती मिळताच त्याने कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, त्या एकास एक जोडल्या, आणि सारी गढी त्या वादीच्या वेढ्यात घेतली. ज्यांनी प्राचीन कार्थेजची गोष्ट वाचली असेल त्यांना हसू येईल, कारण तेथील राणीनेही हीच युक्ती केली असे सांगतात. एकच कथा दोन खंडांत कशी उगवली, ह्याचा निर्णय पंडितांनी करावा. मला त्या कथेत आपल्या लोकांचा स्वभाव दिसतो. बळाने मिळत नाही तेथे ते बुद्धीने घेतात, आणि घेतल्यावर त्याची गोष्ट रंगवून सांगतात.

कथा सोडून इतिहासाकडे आलो तरी जव्हारचे महत्त्व कमी होत नाही. जयबाचा पुत्र निमशाह यास दिल्लीच्या सुलतानाने १३४३ साली राजा म्हणून मान्यता दिली आणि 'शाह' हा किताब दिला. बावीस किल्ले आणि नऊ लाखांचा मुलूख त्याच्या ताब्यात होता असे सांगतात. ही घटना एवढी मोठी मानली गेली, की जव्हारात त्या दिवसापासून स्वतंत्र कालगणना चालू झाली. तेव्हा दिल्लीच्या तख्तावर महंमद तुघलक होता. हाच तो सुलतान, ज्याने आपली राजधानी आमच्या शेजारी देवगिरीस आणली आणि ज्याचा पडलेला दात बीडजवळ पुरून त्यावर घुमट बांधला गेला, अशी नोंद फरिश्त्याने केली आहे. बीडच्या लोकांनी त्याचा दात सांभाळला आणि जव्हारच्या लोकांनी त्याचा किताब सांभाळला. किताब अधिक काळ टिकला. जव्हारचे राजे पतंगशाह, विक्रमशाह, कृष्णशाह अशी नावे आळीपाळीने धारण करीत आले, आणि यशवंतरावांचे गादीवरील नावही पतंगशाह असेच होते. १३४३ पासून १९४८ पर्यंत हिशेब केला तर ही सहाशे पाच वर्षे होतात. महाराष्ट्रात एवढी जुनी गादी शोधावयास गेले तर हाताची बोटे पुरून उरतील.

मधल्या शतकांत ह्या राज्याने बरेच सोसले. सुरतेवर जाताना शिवाजी महाराज जव्हारजवळ शिरपामाळ येथे थांबले आणि तेथे विक्रमशाहाची व त्यांची भेट झाली, अशी परंपरा आहे. ती सुरतेची पहिली स्वारी, १६६४ सालची. शिरपामाळावर आज स्मारक उभे आहे. परंतु तेथे जाणाऱ्याने पुढची हकीकतही लक्षात ठेवावी. १६७२ साली मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकून घेतले. स्नेह आणि संघर्ष दोन्ही एकाच घराण्याच्या वाट्याला आले. आपण पहिली गोष्ट भाषणात सांगतो आणि दुसरी गाळतो. शाळेत चाळीस वर्षे इतिहास शिकविणाऱ्याला तसे करता येत नाही. पेशवाईत राज्याचा सुपीक भाग गेला, आणि इंग्रजी अमलात जे राहिले ते सुमारे तीनशे चौरस मैलांचे डोंगराळ रान. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी आणि आपले महादेव कोळी ही तेथील मुख्य वस्ती. नाचणी आणि वरई हे पीक, साग आणि ऐन ही संपत्ती. राज्य लहान खरे, पण इंग्रजांकडून नऊ तोफांची सलामी घेणारे होते.

यशवंतरावांचा जन्म १९१७ सालचा. वडील मार्तंडराव, म्हणजे गादीवरील विक्रमशाह, हे सुधारणेची आवड असलेले राजे होते. जव्हारची नगरपालिका १९१८ साली त्यांच्याच काळात सुरू झाली. त्या वेळी बीडसारख्या जिल्ह्याच्या गावीही सगळा कारभार निजामाच्या तालुकेदाराच्या मर्जीवर चालत असे, हे लक्षात घेतले म्हणजे एवढ्याशा डोंगरी गावाच्या नगरपालिकेचे महत्त्व कळेल. मार्तंडराव लवकर वारले. मुलगा नऊ-दहा वर्षांचा असताना गादीचा वारस झाला, अर्थात कारभार इतरांच्या हाती राहिला. १९३८ साली, वयाच्या विसाव्या-एकविसाव्या वर्षी, यशवंतरावांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. त्यांना राज्य करावयास अवघी दहा वर्षे मिळाली, आणि त्यांतली सहा महायुद्धात गेली. युद्धकाळात ते हवाई दलात दाखल झाले आणि फ्लाइट लेफ्टनंट हा हुद्दा त्यांस मिळाला. ज्या ज्ञातीला सरकारी कागदांत शतकभर 'डोंगरातले दंगेखोर' म्हणून लिहिले गेले, त्या ज्ञातीचा राजा हवाई दलाच्या गणवेशात उभा राहिला. ह्याचा अभिमान वाटावा की इंग्रजांच्या युद्धात आपले काय काम होते असे म्हणावे, ह्याविषयी आमच्या घरीच दोन मते आहेत. माझे थोरले बंधू दुसऱ्या पक्षाचे आहेत.

जव्हारच्या टेकडीवर 'जयविलास' नावाचा जो राजवाडा आहे तो यशवंतरावांच्याच काळचा. सेवानिवृत्तीनंतर मी तो पाहावयास गेलो होतो. नाशिकहून एस. टी. ने त्र्यंबकेश्वर, मोखाडा असे करीत घाटातून जावे लागते. आमच्या बालाघाटच्या उघड्या माळरानाची सवय झालेल्या डोळ्यांना ते हिरवेगार डोंगर पाहून प्रथम सुख वाटले. मग रस्त्याच्या कडेने डोक्यावर मोळी घेऊन चाललेल्या बाया दिसल्या, आणि रान हिरवे असले तरी पोट भरतेच असे नाही, हे उमगले. त्याच जव्हार तालुक्यात वावर-वांगणी येथे १९९२ साली उपासमारीने आणि रोगाने लहान मुले दगावली होती, आणि ती बातमी देशभर गाजली होती. वाड्याच्या गच्चीवरून पाहिले की हा सारा मुलूख नजरेत येतो. मी तेथे बराच वेळ उभा होतो. यशवंतरावांनी प्राथमिक शिक्षण, रुग्णालय, वाचनालय यांकडे लक्ष पुरविले हे खरे; तरी वाडा एका टेकडीवर आणि प्रजा खालच्या पाड्यांत, हे अंतरही खरेच होते.

हे अंतर किती मोठे होते ते १९४५ साली दिसून आले. शेजारच्या डहाणू व उंबरगाव तालुक्यांत वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबावयाचे, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने जन्मभर त्याचे गडी होऊन राहावयाचे, गवत कापण्याची मजुरी तो देईल ती घ्यावयाची, असा तेथील रिवाज होता. गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांनी लाल बावट्याखाली त्या लोकांना उभे केले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे गोळीबार होऊन जेठ्या गांगड आणि इतर वारली हुतात्मे झाले. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक आपल्यापैकी प्रत्येक शिकलेल्या घरात असावे. मी ते दोनदा वाचले आहे. ते वाचताना माझ्या मनात एक प्रश्न सारखा येई. ह्या लोकांच्या शेजारीच त्यांच्यासारख्याच आदिवासी ज्ञातीचा राजा होता. तरी त्यांना वाट दाखविण्यास एक ब्राह्मण बाई मुंबईहून यावी लागली, ती का? ह्याचे उत्तर राजाच्या चांगुलपणात किंवा वाईटपणात नाही. राजाचे बोलणे एजन्सीच्या साहेबाशी चालते, दिवाणाशी चालते, सावकाराशी चालते. ज्याच्या पाठीवर भार आहे त्याच्याशी बोलण्याची सोय त्याच्या दरबारात नसते. ही सोय यशवंतरावांना पुढे मिळाली, पण राज्य गेल्यावर.

१९४८ साली जव्हार मुंबई प्रांतात विलीन झाले आणि ठाणे जिल्ह्यातील एक तालुका बनले. (१ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे.) त्याच वर्षी सप्टेंबरात आमच्याकडे पोलीस कारवाई झाली आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. दोन्ही संस्थानांचा शेवट काही महिन्यांच्या अंतराने झाला, पण शेवटाची तऱ्हा किती निराळी! आमच्याकडे रझाकारांचे अत्याचार, गावोगावची पळापळ, सैन्याचे रणगाडे. तिकडे एका तिशीच्या राजाने सहाशे वर्षांचे राज्य सहीनिशी देऊन टाकले. ज्यांच्याजवळ पुष्कळ होते त्यांनी ते सोडताना रक्त सांडले आणि ज्याच्याजवळ थोडे होते त्याने ते निमूटपणे सोडले, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु निमूटपणे सोडणाऱ्या राजांची संख्या देशात पाचशेहून अधिक होती, आणि वल्लभभाईंपुढे दुसरा मार्ग फारसा कोणाला नव्हता. तेव्हा यशवंतरावांची खरी परीक्षा विलीनीकरणात नाही, त्यानंतर आहे.

राज्य गेलेल्या बहुतेक राजांनी काय केले? कोणी घोडे पाळले, कोणी मुंबईत बंगला घेऊन राहिले, कोणी वाड्याचे हॉटेल केले. यशवंतराव निवडणुकीस उभे राहिले. १९५७ साली ठाण्यातून शामराव परुळेकर लोकसभेवर निवडून गेले होते; म्हणजे पाड्यापाड्यांवर लाल बावट्याचा शब्द चालत होता. अशा मुलखात काँग्रेसने १९६२ साली भिवंडी मतदारसंघातून राजेसाहेबांना उमेदवारी दिली आणि ते निवडून आले. ह्यात काँग्रेसचा हिशेब होता हे उघड आहे. बावट्याला उत्तर द्यावयाचे तर पांढऱ्या टोपीपेक्षा राजाचे नाव अधिक उपयोगी, असे पुढाऱ्यांना वाटले असावे, हे माझे मत आहे. पण एक बाजू आणखी आहे. ज्याचे आजोबे-पणजोबे मुजरा घेत होते, त्याने मतदाराला हात जोडावे आणि मतपेटी फुटेपर्यंत आपले काय होते याची काळजी करीत बसावे, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नव्हे. त्या निवडणुकीत प्रजा राजाला नापसंत करू शकत होती. सहाशे वर्षांत ती सत्ता तिच्या हाती प्रथमच आली होती, आणि तिने ती वापरून त्याला निवडले. १९६७ साली डहाणूच्या राखीव मतदारसंघातून ते पुन्हा निवडून आले.

येथे आपल्या जिल्ह्याचा एक धागा जुळतो. १९६७ साली बीडमधून लोकसभेवर कोण गेले होते? क्रांतिसिंह नाना पाटील! साताऱ्याच्या पत्री सरकारचा हा पुढारी कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर आपल्या बीडमधून निवडून आला होता. ज्यांनी इंग्रजांच्या राज्यात आपले वेगळे सरकार चालविले ते नाना, आणि ज्यांच्या पूर्वजांनी दिल्लीच्या किताबावर राज्य केले ते यशवंतराव, हे दोघे एकाच सभागृहात निरनिराळ्या बाकांवर बसत होते. आमच्या वडिलांनी नाना पाटलांना मत दिले होते आणि ते शेवटपर्यंत अभिमानाने सांगत. त्याच सभागृहात आपल्याच ज्ञातीचा एक राजा बसला आहे, हे त्यांस कोणी सांगितले नाही.

त्या काळच्या लोकसभेत महाराष्ट्रातून गेलेला आणखी एक आदिवासी अधिपती होता, आणि त्याची हकीकत यशवंतरावांच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. पानाबरस जमीनदारीचे गोंड राजे लाल श्यामशाह हे ते होत. त्यांची जमीनदारी आज छत्तीसगडात मोडते. १९६२ साली ते चांदा मतदारसंघातून, कोणत्याही पक्षाचे तिकीट न घेता, अपक्ष म्हणून निवडून आले. आदिवासींच्या जंगलजमिनीचा प्रश्न सरकार मनावर घेत नाही हे पाहून १९६४ साली त्यांनी सभासदत्वाचा राजीनामा दिला आणि ते आपल्या रानात परत गेले. म्हणजे तिसऱ्या लोकसभेत महाराष्ट्राच्या बाकांवर दोन आदिवासी राजे होते. एक सत्ताधारी पक्षात राहिला, एक सभागृह सोडून गेला. तरुण मंडळींना विचारले तर ती श्यामशाहांच्या बाजूने टाळ्या वाजवतील. मीही चाळीस वर्षांपूर्वी वाजविल्या असत्या. आता मला एवढ्या लवकर निकाल देता येत नाही. राजीनामा देणाऱ्याने अन्यायावर बोट ठेवले. परंतु त्याची जागा रिकामी झाली आणि ती पोटनिवडणुकीत दुसऱ्यांकडे गेली. राहणाऱ्याची जागा राहिली. परंतु त्या जागेवरून त्याला पक्षाच्या मर्यादेत बोलावे लागले. पुढे १९७७ साली अहेरीचे राजे विश्वेश्वरराव चंद्रपुरातून निवडून आले, तेही गोंड घराण्यातलेच.

हा प्रश्न आपल्याच देशापुरता नाही. दूर न्यूझीलंडमध्ये १८६७ सालच्या कायद्याने तेथील मूळ रहिवासी माओरी लोकांसाठी कायदेमंडळात चार जागा राखून ठेवल्या, आणि पुढच्याच वर्षी तारेहा ते मोआनानुई यांच्यासारखे माओरी सरदार त्या जागांवर जाऊन बसले. सगळा कारभार इंग्रजीत आणि बहुमत गोऱ्या वसाहतवाल्यांचे. आपल्या राज्यघटनेने ३३० व्या कलमान्वये अनुसूचित जमातींना लोकसभेत राखीव जागा दिल्या, त्या माओरींच्या चार जागांहून कितीतरी अधिक आहेत. तरी सभागृहात बसलेल्या सरदाराची अडचण दोन्हीकडे एकच. त्याच्या पाठीमागे त्याची माणसे असतात, आणि समोर दुसऱ्यांनी केलेले नियम.

यशवंतरावांच्या वाट्याला तर एक विलक्षण प्रसंग आला. १९७० च्या सप्टेंबरात संस्थानिकांचे तनखे रद्द करण्याचे घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेपुढे आले. विलीनीकरणाच्या वेळी सरकारने राजांना जे वचन दिले होते ते मोडावयाचे की नाही, असा तो प्रश्न होता. त्या सभागृहाचे यशवंतराव सभासद, आणि ते वचन ज्यांना दिले गेले त्यांपैकीही एक! लोकसभेने विधेयक मंजूर केले. राज्यसभेत ते एका मताने पडले. मग राष्ट्रपतींच्या आदेशाने राजांची मान्यताच काढण्यात आली, ती डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविली, आणि त्याच महिन्यात लोकसभा विसर्जित झाली. १९७१ साली नव्या सभागृहाने सव्विसावी घटनादुरुस्ती करून तनखे आणि किताब दोन्ही कायमचे संपविले. तोपर्यंत डहाणूहून लक्ष्मण काकड्या दुमाडा निवडून आले होते आणि यशवंतराव सभागृहात नव्हते. निमशाहाला मिळालेला 'शाह' हा शब्द कायद्याने त्या वर्षी पुसला गेला. १९७८ साली यशवंतराव वारले. वय साठीचे.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावासा वाटला तिकडे येतो. यशवंतराव लोकसभेत होते त्या आठ-नऊ वर्षांत त्यांचे जव्हारचे महादेव कोळी अनुसूचित जमातीत होते आणि आपण नव्हतो. १९५० साली राष्ट्रपतींनी जमातींच्या याद्या राज्यवार काढल्या. मुंबई राज्याच्या यादीत महादेव कोळी हे नाव होते; आपला मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि त्या राज्याच्या यादीत अंध, भिल्ल, गोंड, कोलाम वगैरे नऊ नावे होती, आपले नव्हते. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात आलो, तरी यादीतील क्षेत्राची रेघ होती तेथेच राहिली. ती १९७६ च्या कायद्याने उठली आणि २७ जुलै १९७७ पासून तो अमलात आला. गंमत अशी, की मॅकिंटॉश नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महादेव कोळ्यांविषयी जो विस्तृत लेख लिहिला, आणि ज्याच्या आधारे पुढचे सारे गॅझेटियर लिहिले गेले, त्यात ह्या लोकांचे मूळस्थान निजामाच्या मुलखातील बालाघाट, महादेवाचे डोंगर, असे सांगितलेले आहे. मूळ ठिकाणी राहणारे यादीबाहेर आणि तेथून पश्चिमेस गेलेले यादीत, अशी ही रेघ होती.

परंतु आपणही खरे बोलावे. कोळी ह्या एका नावाखाली सोनकोळी, मल्हार कोळी, ढोर कोळी, टोकरे कोळी, महादेव कोळी असे कितीतरी समाज आहेत, आणि ते सारे एक नव्हेत. मराठवाड्याच्या गावगाड्यात आपले वाडवडील पाणी भरीत, नदीवर नाव हाकीत. तपासणाऱ्यांना शंका येते ती ह्यामुळे, आणि शंका घेणे हे त्यांचे कामच आहे. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने ज्या प्रकरणात पडताळणीची कडक पद्धत घालून दिली, ते प्रकरण महादेव कोळी असल्याच्या दाव्याचेच होते, आणि तो दावा टिकला नाही. त्यानंतर जुन्या शाळेतील नोंदीला सोन्याची किंमत आली.

आणि येथे माझा अपराध आहे. १९८१ च्या जूनमध्ये सिंदफणेकाठच्या एका गावात मी नवा शिक्षक होतो. दाखल-खारीज रजिस्टरात मुलांची नावे भरताना आपल्याच एका घरचा मुलगा आला. बापाने जात सांगितली ती दोन शब्दांची. मी एक लिहिला : कोळी. शेजारच्या रकान्यात जागा थोडी होती, बाहेर पालकांची रांग होती, आणि शब्द कमी केल्याने काही बिघडते हे माझ्या डोक्यातही आले नाही. मी स्वतः त्याच ज्ञातीचा, वय बावीस, नुकताच परीक्षा देऊन लागलेला. असे मी एकाच मुलाच्या बाबतीत केले असेही नाही.

पंचवीस वर्षांनी तो मुलगा, आता बाप झालेला, पडताळणीच्या कागदांसाठी शाळेत आला. मी तेव्हा बदली होऊन तेथे परत गेलो होतो. जुने रजिस्टर काढले, पान उघडले. त्याने बोट ठेवून वाचले आणि माझ्याकडे पाहिले.

"गुरुजी, हे अक्षर तुमचंच हाय ना?"

"माझंच आहे," मी म्हणालो.

त्याने आणखी काही विचारले नाही. उतारा घेतला, पाया पडला आणि गेला. त्याच्या आजोबांची जुन्या काळची नोंद कोठे सापडली नाही, शाळेची नोंद होती ती ही. त्याचा दावा नामंजूर झाला. केवळ माझ्या शब्दामुळे झाला असे मी म्हणत नाही, त्याचे वकीलही तसे म्हणाले नाहीत; पण निर्णयाच्या कागदात त्या नोंदीचा उल्लेख आहे आणि तो कागद त्याने मला दाखविला आहे.

ह्या प्रसंगानंतर मी आपल्या ज्ञातीचा इतिहास वाचावयास लागलो, म्हणून यशवंतराव मला भेटले. बालवयात गादी, विशीत राज्य, तिशीत विलीनीकरण, पंचेचाळिशीत लोकसभा. त्यांना आपण कोण हे सिद्ध करावे लागले नाही. त्यांच्या घराण्याची नोंद दिल्लीच्या सुलतानापासून इंग्रजांच्या तोफांपर्यंत सगळ्यांनी ठेवली होती. ज्यांची नोंद कोणी ठेवली नाही त्यांच्यासाठी त्यांनी सभागृहात बसावे, हीच त्यांच्याकडून अपेक्षा होती. ती त्यांनी किती पुरी केली हे लोकसभेच्या कामकाजाच्या छापील खंडांत आहे, आणि ते खंड कोणासही पाहता येतात. आपल्या ज्ञातीतील जी मुले आज महाविद्यालयात इतिहास घेऊन शिकत आहेत, त्यांपैकी एकाने तरी हे काम हाती घ्यावे. तिसऱ्या व चौथ्या लोकसभेचे खंड मुंबईच्या मोठ्या ग्रंथालयांत असतात, आता संगणकावरही मिळतात. प्रवासखर्च लागला तर मी माझ्या निवृत्तिवेतनातून देईन, असे कार्यवाहांना कळविले आहे.

ह्या जूनमध्ये त्याच गावच्या शाळेत मी गेलो होतो. तेथे आता दुसरे मुख्याध्यापक आहेत. त्यांनी मला बसावयास खुर्ची दिली. प्रवेशाचे दिवस होते. आपल्या ज्ञातीची दोन मुले दाखल झाली. आई-बाप जवळ उभे होते, आणि एका बापाने, शिक्षक लिहीत असताना, वहीवर वाकून पाहिले. रकान्यात दोन्ही शब्द होते.